बचावाची हद्द

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा तट कैद्यांना आत डांबण्यासाठी बांधलेला नव्हता, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधला होता. पोर्तुगीजांनी इथे किल्ला उभारायला घेतला आणि काम पुरं होण्याआधीच, १७३७ साली, चिमाजी आप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. १८४८ मध्ये राघोजी भांगरे आणि १९१० मध्ये अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे इथेच फासावर गेले.

या तटापासून कोर्ट नाका पायी काही मिनिटांवर आहे. तिथे रोज वेगळाच बचाव चालतो. आपल्या देशातल्या तुरुंगांत बहुसंख्य माणसं कच्चे कैदी आहेत. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, तारखा पडताहेत. पोलिसांची गाडी त्यांना कोर्टात आणते, जाळीमागून ते आपल्या वकिलाला शोधतात. तोफांपासून वाचवायला बांधलेल्या भिंतीच्या आत बसलेल्या त्या माणसाकडे स्वतःला वाचवायला फक्त शब्द, कागद आणि पुरावा असतो.

बचाव म्हटलं की आपल्याला भिंत, ढाल, कुलूप आठवतं आणि जितकं भक्कम तितकं बरं असं वाटतं. पण कायदा, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, शहराची आखणी, ज्या ज्या क्षेत्रात बचावाचा नीट विचार झालाय तिथे खरी डोकेफोड ताकदीवर झालेलीच नाही. बचाव कधी सुरू करायचा, किती करायचा आणि कुठे थांबवायचा, यावर ती झाली आहे. मी वकिली करते, त्यामुळे सुरुवात कायद्यापासून करते. ही हद्द सगळ्यात स्वच्छ शब्दांत कायद्यानेच लिहून ठेवली आहे.

रात्री दोनचा चोर

कायदेविषयक शिबिरांत बोलायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, चोर घरात शिरला आणि आम्ही त्याला मारलं, तर केस आमच्यावरच होते ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो, आणि त्याखाली भीती. चोराला संरक्षण आणि आपल्याला कोठडी, असा लोकांचा पक्का समज झालेला असतो. तो चुकीचा आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जुन्या दंड संहितेत हीच कलमं ९६ ते १०६ होती. गाभा तोच राहिला आहे. कलम ३४ म्हणतं की हा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. हे नीट समजून घ्यावं. 'गुन्हा केला, पण माफ केला' असं इथे नाही, मुळात गुन्हा घडलाच नाही. शिवाय हा हक्क स्वतःपुरता नाही. स्टेशनच्या पुलावर अनोळखी बाईवर कुणी हल्ला करत असेल आणि तुम्ही मध्ये पडलात, तर तिच्या बचावाचा हक्क तुम्हालाही आहे. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचंही तसंच. हल्ला करणारा मनोरुग्ण असेल आणि आजारामुळे आपण काय करतोय हे त्याला कळत नसेल, तर कायदा त्याला गुन्हेगार धरत नाही, पण तुमचा बचावाचा हक्क तरीही पूर्ण असतो.

आता हद्द. ती कलम ३७ मध्ये आहे. पोलिसांची किंवा दुसऱ्या सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावासाठी जेवढी गरज आहे त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हक्क कधी पोहोचतो, हे कलम ३८ मोजून सांगतं: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, सुटकेसाठी सरकारी मदत मागताच येणार नाही अशा तऱ्हेने डांबून ठेवणं, आणि ॲसिड हल्ला.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या इमारतीत रात्री दोन वाजता खिडकीचं ग्रिल कापून माणूस आत येतो. हातात कटावणी आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी झालेल्या घरफोडीला कायदा फार गंभीर मानतो. अशा वेळी मालमत्तेच्या बचावाचा हक्कही हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो, अर्थात 'गरजेपुरतंच' ही अट सोडून नव्हे. तुम्ही हाताला लागलेलं दांडकं मारता, त्याच्या हातातली कटावणी पडते. इथपर्यंत कायदा तुमच्या पाठीशी आहे. तो जिन्याने पळतो. खाली वॉचमन आणि दोन शेजारी त्याला धरतात आणि पार्किंगमधल्या खांबाला बांधतात. या क्षणी धोका संपला, आणि धोक्याबरोबर हक्कही संपला. आता फक्त ११२ ला फोन करायचा. त्यानंतर त्याला बसलेली प्रत्येक लाथ हा वेगळा गुन्हा आहे. त्यात तो मेला, तर त्या पार्किंगमधल्या सभ्य, कर भरणाऱ्या, मुलांच्या शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या माणसांवर खुनाचाही गुन्हा दाखल होऊ शकतो. बांधलेल्या माणसाला मारणं हा बचाव नाही, हे मी शिबिरात आवाज चढवून सांगते, कारण याच टप्प्यावर चांगली माणसं तुरुंगाच्या दारात जातात.

कोर्ट निष्ठुरपणे मोजमाप घेऊन बसत नाही, हेही सांगायला हवं. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. जिवाची भीती रास्त असेल तर प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबायची गरज नाही. पळून जाण्याची वाट होती म्हणून पळालंच पाहिजे असंही नाही. आणि अंगावर हल्ला होत असताना माणसाने गणित मांडून, पायरी पायरीने प्रतिकार करावा ही अपेक्षा अवास्तव आहे. आरोपीला आपला बचाव वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. एखाद्याने प्रामाणिकपणे, आधी काही न ठरवता, बचावाच्या भरात हद्द ओलांडली आणि समोरचा मेला, तर त्याला खून न मानता सदोष मनुष्यवध मानण्याची तरतूदही आहे.

देशांनाही जवळपास हाच नियम लागतो. १८३७ साली नायगारा नदीत ब्रिटिशांनी 'कॅरोलाइन' नावाची अमेरिकी बोट पेटवून दिली आणि तो स्वसंरक्षणाचा भाग असल्याचं सांगितलं. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी उत्तर दिलं की गरज तात्काळ आणि जबरदस्त असायला हवी, दुसरा मार्ग आणि विचाराला उसंत उरलेली नसावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करतं, पण सुरक्षा परिषद पावलं उचलेपर्यंतच, आणि केलेली कारवाई परिषदेला लगेच कळवण्याच्या अटीवर. पाळतं कोण, हा प्रश्न वेगळा. पण युद्ध करणारा जवळजवळ प्रत्येक देश 'आम्ही बचाव करतोय' असंच सांगतो, यावरून या शब्दाची किंमत कळते.

कोर्टातला बचाव आणि खोटी अटक

कोर्टात आरोपीचा बचाव म्हणजे वकिलाने खोटं बोलणं, असा एक समज आहे. मला त्याचा मनापासून त्रास होतो. बचाव अनेक प्रकारचा असतो. 'मी तिथे नव्हतोच.' 'मी होतो, पण हे मी केलं नाही.' 'मी केलं, पण ते स्वतःला वाचवण्यासाठी.' 'मी केलं, पण काय करतोय हे कळण्याच्या अवस्थेत नव्हतो.' आणि सगळ्यात साधा पण सगळ्यात महत्त्वाचा: 'मी काहीच सांगत नाही, तुम्ही सिद्ध करा.' राज्यघटनेच्या कलम २० नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. सिद्ध करायचा भार सरकार पक्षावर असतो. उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील विचारतो की अंधारात चेहरा कसा दिसला, पंचनाम्यावर पंचांनी सही कुठे बसून केली. अशा प्रश्नांनीच चुकीचा माणूस आत जायचा वाचतो. आणि खरा गुन्हेगार आत जातो तेव्हाही ती शिक्षा वरच्या कोर्टात टिकते, कारण पुरावा आधी चोळून तपासला गेलेला असतो.

घटनेचं कलम २२ अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क देतं. पैसे नसतील तर कलम ३९-अ आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतली माणसं, अपंग, आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयांत आता यासाठी लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. अजमल कसाबच्या अपिलात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, आणि त्याच निकालात स्पष्ट बजावलं की आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जाईल तेव्हाच दंडाधिकाऱ्यांनी त्याला वकिलाचा हक्क सांगायचा आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा. ज्याच्यासाठी कुणाच्याही मनात कणव नव्हती, त्याच्या खटल्यात हा नियम पक्का झाला. मला आपल्या न्यायव्यवस्थेचा अभिमान वाटावा अशा ज्या जागा आहेत, त्यांतली ही एक.

हे हक्क तोंडपाठ असावेत असं मी सांगते, त्याचं एक अगदी ताजं कारण आहे. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली होणारी फसवणूक. वाशीत किंवा नौपाड्यात राहणाऱ्या, मुलं परदेशी असलेल्या एखाद्या निवृत्त काकूंना व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. कॅमेरा बंद करायचा नाही. कुणाला सांगायचं नाही. पडताळणीसाठी पैसे या खात्यात टाका.' भामटा इथे माणसाच्या बचावाच्या ओढीचाच फायदा घेतो. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायची घाई इतकी होते की काकू आयुष्यभराची ठेव मोडतात.

भारतातल्या कुठल्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक नाही. खऱ्या अटकेत नातेवाइकाला कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. 'कुणाला सांगू नका' हे वाक्य आलं, की समोर पोलीस नाही एवढं नक्की समजावं, कारण खरा कायदा आरोपीला एकटं पाडायला परवानगीच देत नाही. फोन ठेवावा आणि १९३० वर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर पहिल्या तासा-दोन तासांत केलेली तक्रार सर्वांत उपयोगी.

ताप उतरल्यावर

शरीराचा बचाव आपण रोज वापरतो आणि त्याची आठवण फक्त आजारपणात होते. कातडी, नाकातला चिकट स्राव, जठरातलं आम्ल हे पहिले अडसर. ते ओलांडून जंतू आत आला तर पांढऱ्या पेशी धावतात, सूज येते, ताप चढतो. ही फळी जंतूची ओळखपाळख न विचारता लढते. तिच्या मागे सावकाश तयार होणारी दुसरी फळी असते: ठरावीक जंतूला ओळखणाऱ्या बी पेशी आणि टी पेशी. बी पेशींपासून प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. लढाई संपल्यावर यांतल्या काही पेशी स्मृती म्हणून मागे राहतात. लस हीच स्मृती आजाराशिवाय तयार करते.

पण यापेक्षा मोठं आश्चर्य हे, की हे सगळं सैन्य आपल्याच शरीरावर का तुटून पडत नाही. टी पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि तिथे त्यांची कडक निवड होते. शरीराच्याच घटकांवर जोरात चालून जाणाऱ्या पेशी तिथेच मारल्या जातात. बहुतेक पेशी त्या ग्रंथीतून जिवंत बाहेर पडतच नाहीत. तरीही काही चुकार सुटतात. त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं. पुढे मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्याशी निगडित जनुक शोधलं. या नियामक टी पेशींवरच्या कामासाठी तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. शत्रूला मारणाऱ्या पेशींची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण आपल्याच सैनिकांचा हात धरणाऱ्या या पेशी नसतील तर शरीर स्वतःला खातं. ते जनुक जन्मतःच बिघडलेली बाळं काही महिन्यांतच गंभीर आजारी पडतात. आमवात (रुमेटॉइड आर्थरायटिस), टाइप १ मधुमेह, ल्युपस हे बचाव हद्द ओलांडून गेल्याचे आजार.

ठाण्या-नवी मुंबईत पावसाळ्यात घरोघरी येणारा डेंग्यू या दृष्टीने बघण्यासारखा आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर जुनी प्रतिपिंडं या नव्या विषाणूला चिकटतात खरी, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणू काही पेशींमध्ये अधिक सहज शिरतो. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त धोकादायक ठरू शकतो. त्यातही खरा धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमक्या त्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांमधून द्रव पाझरू लागण्याची शक्यता असते. यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेचा वाटा मोठा असतो. ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांतलं काही दिसलं तर 'आता ताप नाही' म्हणून घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

'प्रतिकारशक्ती वाढवा' असं सांगणाऱ्या जाहिरातींकडे मी म्हणूनच संशयाने बघते. शरीराला बचाव जास्त नको असतो, नेमका हवा असतो.

मनाच्या बचावाबद्दल थोडक्यात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या पुस्तकात तिची नीट मांडणी केली. असह्य वाटणाऱ्या गोष्टीपासून मन नकळत स्वतःला वाचवतं. छातीत कळ येते आणि बाबा म्हणतात, "काही नाही गं, वडापाव बाधला." हा नकार. ऑफिसात साहेबांनी झापलं, घरी येऊन मुलावर ओरडलं: राग सुरक्षित जागी वळवणं. स्वतःच्या मनातला मत्सर दुसऱ्याच्या तोंडावर दिसणं, हे आरोपण. यांतलं काहीही वेडेपणाचं लक्षण नाही. घरातलं माणूस गेल्यावर पहिले काही दिवस 'खरंच वाटत नाही' ही अवस्था माणसाला उभं ठेवते. पण वर्षभराने गोळ्यांची पाकिटं न उघडता कपाटात ठेवून 'मला मधुमेह नाहीच' म्हणणाऱ्याचा तोच नकार त्याचा पाय घालवू शकतो. फरक मुदतीचा आहे. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय असूनही 'ठाण्याला पाठवा' ही आपल्याकडे चेष्टाच राहिली. ती चेष्टाही एक नकारच आहे, आणि त्यापायी मदत उशिरा घेतली जाते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक मोफत आहे, तो फोनमध्ये असू द्यावा.

मैदानाबद्दल एवढंच सांगते. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची, आणि परत जायची गरज चढाईपटूला असते. कोपरारक्षकाने घाईने पायावर झेप घेतली की तो स्वतःच बाद होतो. थांबला, साखळी धरून ठेवली, तर चढाईपटू मध्यरेषेकडे वळतो तेव्हा पकड होते. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २९८ धावांचा बचाव केला, तेव्हा समोर लॉरा वोल्वार्टचं शतक उभं होतं. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, दक्षिण आफ्रिका २४६ वर संपली. त्या रात्री नेरूळच्या रस्त्यांवर झालेला जल्लोष मला जन्मभर पुरेल.

भरतीच्या पातळीखालचं शहर

आता नवी मुंबई. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची. शहर उभारायला घेतलं तेव्हा पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला पारसिकचे डोंगर, मधली पट्टी अरुंद, आणि तिचा बराच भाग खाजणाचा, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खालचा. इथल्या आगरी-कोळी गावांनी अशा जमिनीत पिढ्यान् पिढ्या भातशेती केली होती. खाऱ्या पाण्याला अडवायला मातीचा बांध घालायचा, पण बांध सलग ठेवायचा नाही. मध्ये उघाडी ठेवायची. बाहेर भरती आली की पाण्याच्या दाबानेच उघाडीची झडप बंद होते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. बांधाला खांड पडली तर गाव मिळून ती बुजवायचं, कारण खारं पाणी शिरलेलं शेत लवकर सुधारत नाही.

शहराच्या आखणीत याच तत्त्वाचा मोठा अवतार आला: धारण तलाव, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. हॉलंडमधली पद्धत म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते, पण दिवाळे-सारसोळ्याच्या म्हाताऱ्यांना त्यात नवं काही वाटलं नसेल. पारसिकच्या उतारावरून आणि नोडमधल्या, म्हणजे शहराच्या आखीव विभागांतल्या, गटारांतून येणारं पाणी या तलावांत येतं. भरतीच्या काळात झडपा बंद, पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा उघडतात, तलाव रिकामा होतो. नुसती उंच भिंत बांधली असती तर खाडी बाहेर राहिली असती, आणि शहर स्वतःच्याच पावसात बुडालं असतं. पाणी येणारच हे मान्य करून त्याला काही तास थांबायला जागा देणं, हा या योजनेचा शहाणपणा आहे.

संगणकाच्या जगाने हे फार महागात शिकून घेतलं. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मेर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरातल्या जाळ्यात पसरला. तिच्या ताब्यातलं न्हावा-शेव्याचं टर्मिनलही ठप्प झालं. बाहेरचं दार ओलांडलं की आत अडवायला पुरेसे कप्पेच नव्हते. कंपनीला आपली यंत्रणा पुन्हा उभी करता आली ती घानामधल्या एका सर्व्हरमुळे; वीज गेल्यामुळे तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. आता शहाण्या संस्था हल्लेखोर कधीतरी आत येईल असं धरूनच आखणी करतात, आणि एक प्रत जाळ्याबाहेर ठेवतात.

नवी मुंबईच्या धारण तलावांची आजची अडचण मात्र वेगळी आहे. वर्षानुवर्षं त्यांत गाळ साचला आणि भरतीबरोबर आलेल्या बियांनी तिथे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, रुजली. गाळामुळे तलावांची खोली गेली, म्हणजे मुसळधार पावसात पाणी साठवायची ताकद गेली. गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात. आणि कांदळवन हाही खाडीकाठाचा बचावच आहे. त्यांची मुळं लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात, मासळीची पिल्लं तिथे वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली, भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी लागेल असं ठरवलं. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ. अशा जागेला लागून पोकलेन उतरवायचं म्हणजे भांडण ठरलेलंच.

दोन बचाव एकमेकांच्या आड आले आहेत. 'झाडं वाचवा' आणि 'घरं वाचवा' अशा घोषणांत हे भांडण अडकवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. माझ्या मते इथेही कलम ३७ चाच प्रश्न विचारायला हवा: गरज किती? प्रत्येक तलाव वेगळा आहे. कुठे काठावरची जुनी तिवरं तशीच ठेवून मधला प्रवाहाचा पट्टा मोकळा करता येईल, कुठे फक्त झडपा दुरुस्त केल्या तरी बराच फरक पडेल, कुठे खरंच खोल उपसा करावा लागेल. त्यासाठी तलावागणिक मोजणी हवी: गाळ किती, तिवरं कुठे, झडप चालते की गंजून अडकली आहे. ही मोजणी नागरिकांना बघता येईल अशी मांडली, तर परवानगी मागताना कोर्टासमोर धरायलाही काहीतरी ठोस हाती असेल.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर होतात. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, तर झडपा बंद असणार आणि सखल नोडमध्ये पाणी तुंबणार. त्या दिवशी गाडी तळघरात लावायची नाही आणि तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना आधीच वर बोलवून घ्यायचं. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा बोर्ड जमिनीलगत असेल, तर तो या उन्हाळ्यातच वर चढवून घ्यावा.